जंतूंना प्रवेश नाही

"सिस्टर, घरी जायच्या आधी एक गोष्ट नीट ऐकून घ्या. काकांची लघवी उगाच तपासायला पाठवायची नाही."

डॉक्टर बिरनाळे डिस्चार्जच्या कागदावर सही करता करता म्हणाला. मी टॉवेल, तांब्या, चपला असं एकेक पिशवीत भरत होते.

"उगाच म्हणजे?"

"म्हणजे ताप नसताना. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर तसंच उठून यायचं आणि मला फोन करायचा. तसलं काही नसेल तर लॅबचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"आणि जंतू झाले तर कळायचं कसं?"

"होणारच आहेत की," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आतड्याचा तुकडा आहे तो. जन्मभर जंतूंच्या संगतीत राहिलेला. आता त्यातनं लघवी वाहतीय म्हणून जंतू काय घर सोडून जाणार आहेत होय? कल्चर लावलं की जंतू दिसणार. दिसू देत. ते काकांना त्रास देत नाहीत तोवर आपण त्यांच्या वाटेला जायचं नाही."

"ऐकलंस का सिस्टर?" पेंटर पलंगावरून म्हणाले. "भाडेकरू आहेत ते. राहू दे बिचाऱ्यांना."

डॉक्टर मोठ्यानं हसला. मी काही हसले नाही.

पेंटर म्हणजे माझे मालक, आशेर साळवे. सगळी मिरज त्यांना पेंटर म्हणायची आणि चारचौघांत मीही पेंटरच म्हणायची. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंतीवरचे सुविचार, चाळीस वर्षं हेच केलं त्यांनी. हाताला टर्पेंटाईनचा वास आणि ओठात बिडी. त्या वर्षी उन्हाळ्यात लघवीतनं रक्त पडायला लागलं, आणि जूनमध्ये बिरनाळेनं मूत्राशय सगळंच्या सगळं काढलं. कॅन्सर होता. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या त्याला जोडल्या आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडं पोटावर आणून शिवलं. गुलाबी, ओलसर, बोराएवढं तोंड. त्यावर चकती चिकटवायची, चकतीला पिशवी, आणि पिशवीत थेंब थेंब लघवी. आता आयुष्यभर हे असंच राहायचं होतं.

बिरनाळेला मी अरेतुरे करते, त्याला कारण आहे. हा पोरगा शिकत होता तेव्हा ऑपरेशन थिएटर माझ्या ताब्यात होतं. हातमोज्याला बाहेरून बोट लागलं म्हणून मी त्याला एकाच दिवशी तीनदा परत हात धुवायला लावलेत. एकदा बाहेरची चप्पल घालून आत आला, तर सगळ्यांच्या देखत हाकलून दिला होता. मोठा झाला, गुणी निघाला, हात सोन्यासारखा आहे त्याचा, मी नाही म्हणत नाही. पण त्यानं मला शिकवावं? मला, साळवे सिस्टरला? जंतू दिसू देत म्हणे!

तुम्हाला थिएटरचं काही माहीत नसणार म्हणून सांगते. एकोणतीस वर्षं दर सोमवारी मी थिएटरच्या भिंती, टेबल, दिवे, खिडकीच्या फटी यांच्यावरून कापसाचा बोळा फिरवून लॅबला पाठवला. गुरुवारी कागद यायचा. त्यावर दोन शब्द असायचे, नो ग्रोथ. म्हणजे काही वाढलं नाही, जंतू नाहीत. ते दोन शब्द वाचल्याशिवाय गुरुवारी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. उभ्या नोकरीत एकदाच टेबलाच्या चाकापाशी जंतू वाढले होते. मी दोन दिवस थिएटर बंद ठेवलं आणि गुडघ्यावर बसून स्वतः फरशी घासली. मोठे सर्जन दारात येऊन ओरडत होते, त्यांनाही आत पाऊल टाकू दिलं नाही. माझ्या निरोप समारंभाला त्याच सर्जननी भाषणात सांगितलं होतं, की सिस्टरला जंतूसुद्धा घाबरतात. मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा!

असो. आम्ही घरी आलो. चर्चच्या मागं आमच्या दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं बोलायला आम्ही दोघंच. पहिले आठ दिवस पेंटर पिशवीला फार लाजले. कुणी भेटायला आलं की पोटावर उशी घेऊन बसायचे. मग मी पांढऱ्या मांजरपाटाची खोळ शिवून दिली, तेव्हा जरा मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर खोळीवर लाल रंगात ट्रकवर लिहितात तशी अक्षरं काढलेली: 'हॉर्न वाजवा, अंतर ठेवा'.

"शोभतं का या वयात?" मी म्हणाले.

"मागून येणाऱ्याला कळायला नको?"

असा माणूस. दर चार दिवसांनी मी पिशवी बदलायची, तेव्हा छताकडं बघत शीळ घालत पडून राहायचे. लघवीत पांढरे धागे तरंगायचे. ते आतड्याचा बुळबुळीत स्राव असतो, त्याला भ्यायचं नाही, हेही बिरनाळेनं सांगितलं होतं. पण मला ती गढूळ पिशवी बघवायची नाही. बाराव्या दिवशी मी हात धुतले, निर्जंतुक हातमोजे घातले, पोटावरचं तोंड पुसून घेतलं, नवी बारीक नळी आत घातली आणि बाटलीत नमुना धरला. पिशवीतली शिळी लघवी पाठवणारी मी नव्हे. काम करायचं तर चोख करायचं.

शिकलगार भाऊंची लॅब आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिसऱ्या दिवशी कागद आला. ई. कोलाय, एक लाखाच्या वर.

माझ्या थिएटरात चाकापाशी दोन ठिपके वाढले तर मी जग डोक्यावर घेतलं होतं, आणि इथं माझ्या माणसाच्या पोटात लाख! मला काही दम निघेना. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला चिठ्ठी लागायची नाही, सिस्टरनी सांगितलं म्हणजे सर्जननी सांगितलं, असा सगळ्या गल्लीचा समज. सात दिवसांच्या गोळ्या आणल्या. पेंटरना ताप नव्हता, कुठं दुखत नव्हतं, उलट भाकरी दीड खात होते. तरी दिल्या. आठव्या दिवशी परत नमुना पाठवला.

नो ग्रोथ.

मी शेवयांची खीर केली आणि वाटीभर शिकलगार भाऊंनाही पाठवली. पेंटरनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एक पाटी रंगवली. पिवळ्या जमिनीवर काळी ठसठशीत अक्षरं: 'जंतूंना प्रवेश नाही. हुकुमावरून, सिस्टर'. न्हाणीच्या दाराला खिळा ठोकून लावली आणि मला सॅल्यूट केला. मी हसून हसून खाली बसले. याला आता अकरा वर्षं झाली, पाटी अजून तिथंच आहे.

तीन आठवड्यांनी मी परत नमुना पाठवला. जंतू होते. या वेळी ई. कोलाय नव्हता, क्लेब्सिएला नावाचा दुसराच होता. आता मात्र मी बिरनाळेला फोन केला.

"ताप आहे काकांना?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"कुशीत दुखतंय? थंडी?"

"नाही. पण..."

"जेवतात?"

"जेवतात. सायकलवरून बाजारात जाऊन पाटी रंगवून आले काल."

"मग तो रिपोर्ट फाडून टाका आणि मला सांगा, पाठवलात कशाला?"

मी कागदावरची तारीख परत वाचली.

"सिस्टर, औषध दिलंत की काय?"

"एकदाच. सात दिवस."

तिकडून सुस्कारा ऐकू आला. "हे बघा. तिथं जे साधे जंतू राहतात ना, ते जागा धरून बसलेले असतात. त्यांना हुसकलं की रिकाम्या जागेत त्यांच्यापेक्षा दांडगे येतात. परत हुसकलं की त्याहून दांडगे. असं करत करत एक दिवस असा जंतू येईल, ज्याला कुठलंच औषध लागू नाही. आणि नेमका तोच वर मूत्रपिंडात चढला, तर माझ्या हातात काय राहणार? तुम्हाला मी सांगायला पाहिजे का हे?"

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर बरं झालं असतं. मला झोंबलं ते. काल माझ्या हाताखाली चप्पल बदलायला शिकलेला पोरगा! मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि ठरवून टाकलं, की याला परत फोन करायचा नाही. पुढं तो तपासायला बोलवायचा तेव्हा आम्ही जायचो. तो विचारायचा, "सगळं ठीक?" मी म्हणायची, "ठीक." पेंटर माझ्याकडं बघायचे आणि गप्प बसायचे. नवऱ्यासमोर, डॉक्टरसमोर मी धडधडीत खोटं बोलत होते, आणि मला वाटत होतं की मी त्यांचा जीव वाचवतेय.

दुसऱ्या गोळ्या झाल्या. तिसऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी कागद पंधरा-वीस दिवस चांगला यायचा आणि परत बिघडायचा. कल्चरच्या कागदावर औषधांची यादी असते, आणि प्रत्येक नावापुढं एक अक्षर असतं. एस म्हणजे हे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देणार नाही. पहिल्या कागदावर सगळे एस होते, तुरळक एखादा आर. गणपती बसेपर्यंत निम्मे आर झाले. मी ती अक्षरं वाचत होते आणि हट्टानं पुढचं औषध शोधत होते. दसऱ्यानंतर लागू पडणारी गोळीच उरली नाही, उरलं ते इंजेक्शन. अमिकासिन. मी घरीच देऊ लागले. एकोणतीस वर्षं हजारो लोकांना टोचलंय, माझा हात कधी कुणाला दुखला नाही.

आठव्या की नवव्या दिवशी सकाळी मी सिरिंज भरून आले, तर पेंटर अंगणातल्या स्टुलावर बसले होते.

"सिस्टर, आज नको."

"काय नको?"

"इंजेक्शन. तोंडाला चव नाही. आणि कानात सारखी शिट्टी वाजतीय बघ दोन दिवस."

"दोनच राहिलीत आता. चला आत."

"अगं पण मला झालंय काय?" ते पहिल्यांदाच जरा चिडून बोलले. "ताप नाही, काही नाही. ऑपरेशन झाल्यावर मला इतकं बरं वाटलं होतं, तितकं दहा वर्षांत वाटलं नव्हतं. तुझ्या औषधांनी मी आजारी पडतोय. मला बरं वाटतंय का हे तू मला कधी विचारतच नाहीस. तू कागदाला विचारतीस."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत नाही. पण सिस्टर, माझ्या पोटात तुझं ऑपरेशन थिएटर नाही गं. पोट आहे ते साधं."

मी त्यांच्यावर ओरडले. कॅन्सर अंगावर काढला होता तसंच हेही काढायचं का, मला एकटीला टाकून जायचंय का, असलं काहीबाही बोलले आणि रडले. पेंटरना माझं रडणं सहन व्हायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते उठले, आत जाऊन कुशीवर वळले आणि पायजम्याची नाडी सैल केली.

"घे. तुझं समाधान होऊ दे."

मी टोचलं.

कानातली शिट्टी कशाची असते हे मला माहीत होतं. अमिकासिन कान खातं आणि मूत्रपिंडही खातं, हे नर्सिंगच्या पोरींना मीच शिकवायची. शिट्टी ऐकू आली की औषध थांबवायचं, हेही मीच शिकवायची. तरी दोनच तर राहिलीत असं म्हणून मी ती दोन्ही दिली.

नोव्हेंबरचा कागद आला तेव्हा वरपासून खालपर्यंत आर. शेवटच्या ओळीत तेवढा एक एस होता, कोलिस्टिन. मी तो कागद घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. कुणाला दाखवला नाही. मला भीती वाटली, खरं सांगते, नोकरीत कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली. औषधं मी बंद केली आणि रोज सकाळी त्यांच्या कपाळाला हात लावून बघायला लागले. पेंटर म्हणायचे, "आता कशी बायकोसारखी वागतीस!" ते खूश होते. जेवायला लागले परत. मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू यायचं नाही, पण म्हातारपण आहे म्हणायचे.

नाताळला आठ दिवस होते. चर्चच्या व्हरांड्यात दरवर्षी पेंटर बारा हाताचं कापड पसरून हातानं शुभेच्छा लिहायचे. सगळीकडं फ्लेक्स आले तरी पाळक साहेबांचा आग्रह असायचा, की आपल्याकडं पेंटरचंच अक्षर लागणार. मी चहा घेऊन गेले. 'नाताळच्या हार्दिक' एवढं लिहून झालं होतं आणि 'शु'ची मांडणी चालली होती. चहा खाली ठेवला आणि बघते तर उकार पार वाकडा ओढला गेलेला. त्यांच्या हातून वाकडी रेघ मी चाळीस वर्षांत बघितली नव्हती.

"अहो, काय झालं?"

"थंडी वाजतीय गं," ते म्हणाले. ब्रश हातात थडथड उडत होता, दात वाजत होते. भर दुपारचं ऊन होतं. "भाडेकरू जागे झाले वाटतं."

रिक्षातनं दवाखान्यात नेलं. बिरनाळे पळत आला. कुशीत नुसतं बोट लावलं तरी पेंटर कळवळत होते.

"ताप कधीपासून?"

"आत्ता. तासभर झाला."

"शाब्बास, वेळेत आणलंत," तो म्हणाला आणि नर्सला इंजेक्शनचं नाव सांगायला लागला. मग सहज वळून म्हणाला, "मधे काही अँटिबायोटिक नव्हतं ना दिलं परत?"

मी पर्स उघडली आणि सगळे कागद त्याच्या टेबलावर ठेवले. जुलैपासूनचे. त्यानं ते तारखेप्रमाणं लावले, एकापुढं एक. शेवटच्या कागदावर त्याचं बोट वरून खाली आलं आणि तळाला थांबलं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"मीच."

मला वाटलं ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं मला. तो खुर्चीत बसला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"सिस्टर, त्यांचा कॅन्सर सगळा निघाला होता," तो म्हणाला. "मागच्या महिन्यातलं स्कॅन मी स्वतः बघितलंय. कुठं काही नव्हतं. जगले असते ते."

एवढं बोलून त्यानं नर्सला कोलिस्टिन आणायला सांगितलं.

पुढचे सहा दिवस अतिदक्षता विभागात गेले. कोलिस्टिन मूत्रपिंडावर फार कडक असतं आणि यांची मूत्रपिंडं मी आधीच अर्धी करून ठेवली होती. रोज रक्ताचा आकडा चढत गेला. पोटावरच्या पिशवीत लघवी कमी कमी होत गेली. डायलिसिस लावलं. त्या वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर माझ्या हाताखाली शिकलेल्या. त्या मला खुर्ची द्यायच्या, चहा आणून द्यायच्या, आणि माझ्याकडं बघायचं टाळायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी पेंटर शुद्धीवर होते. ताप उतरला होता. मला जरा आशा वाटली, आणि मी काय केलं असेल? पिशवी काढली, तोंड पुसलं, नवी नळी घातली, जे दोन चमचे आलं ते बाटलीत धरलं आणि शिकलगार भाऊंकडं पाठवून दिलं. दवाखान्याची लॅब होती, तरी माझा विश्वास त्यांच्याच कागदावर. त्या घटकेलासुद्धा मला कागद हवा होता. आता आठवलं की स्वतःची किळस येते.

ते माझ्याकडं बघत होते. मी जवळ गेले, कानाशी वाकले.

"अहो," मी म्हणाले, "मी चुकले. तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. हे सगळं माझ्यामुळं झालंय."

"काय?" ते म्हणाले. "शिट्टी वाजतीय कानात. ऐकू येत नाही. मोठ्यानं बोल."

समोर दोन पोरी औषधं भरत होत्या. पलीकडच्या पलंगापाशी नातेवाईक उभे होते. साळवे सिस्टरला मोठ्यानं बोलायला आयुष्यात कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी तोंड उघडेना.

"काही नाही," मी हातानं खूण केली.

मघाशी मी बाटली भरली, ते त्यांच्या ध्यानात होतं. "रिपोर्ट आला का?"

"येईल."

"चांगला येईल बघ," ते म्हणाले. माझं समाधान करत होते, त्या अवस्थेतसुद्धा. "खीर करशील ना?"

मी मान हलवली. माझ्याशी बोललेले ते शेवटचे शब्द. संध्याकाळी परत ग्लानी आली. सहाव्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गेले. बिरनाळेनं स्वतः नळ्या काढल्या, स्वतः पोट पुसलं, आणि जाताना माझ्या पाया पडला. मला त्यानं मारलं असतं तर कमी लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. त्या वर्षी चर्चवर फ्लेक्स लागला.

नाताळ होऊन तीन दिवस झाले होते. दफनभूमीत फुलं ठेवून मी घरी परत येत होते. गल्लीच्या तोंडाशी आले तर मागून हाक आली.

"सिस्टर! ओ सिस्टर! रिपोर्ट न्यायला आलाच नाही तुम्ही!"

शिकलगार भाऊ लॅबचं शटर वर करून उभे होते. भाचीच्या लग्नाला आठवडाभर गुलबर्ग्याला गेले होते, सकाळीच आले होते, गल्लीतलं अजून कुणी भेटलं नव्हतं. माझं पांढरं लुगडं त्यांना काही नवीन नव्हतं. तीस वर्षं मला पांढऱ्यातच बघितलेलं त्यांनी. आत जाऊन पाकीट घेऊन आले, चेहरा नुसता फुललेला.

"माझ्या पोरानं काढून ठेवला होता, मी आत्ता बघितला. उघडा की."

मी उघडलं. आशेर साळवे, वय चौसष्ट, पुरुष. खाली तारीख. त्याच्याखाली ते दोन शब्द. नो ग्रोथ.

"एक जंतू नाही, सिस्टर! एवढे महिने मी हे कागद काढतोय, मला वाटत होतं काही होत नाही आता. पण तुम्ही कसल्या ऐकताय! जिंकलात बघा शेवटी." त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "पेंटरकाकांना सांगा, म्हणावं भाऊंची खीर राहिली."

कागदाची मी घडी घातली.

"सांगते," मी म्हणाले.